उजव्या कोपऱ्यातल्या तारा

माझ्या मावशीनं वीस वर्षं भोकांत तारा खोचल्या. हसू नका, मी एकदा हसले होते, तेव्हा कान पिरगाळला होता तिनं. वेधशाळेत आकाशाच्या प्रत्येक तुकड्यासाठी ॲल्युमिनियमची एक मोठी तबकडी असायची. तिला सहाशे भोकं, एका भोकामागे एक दीर्घिका. भोकात काचेची बारीक तार बसवली की त्या दीर्घिकेचा प्रकाश तारेतून यंत्रात. अर्धं आकाश मावशीच्या चिमटीतून गेलंय!

त्याच माहितीवर माझा प्रबंध होता. विश्वाला ताणणारी कृष्ण ऊर्जा कायम तेवढीच राहते की बदलते? बदलत असेल, तर दीर्घिकांची वस्ती वेगळी दिसणार. आणि मला दिसली की! ठरावीक अंतराने वस्ती चक्क विरळ. मला स्वर्ग दोन बोटं उरला. सोमवारी सरांना दाखवायचं ठरवून मी आधी नकाशा मावशीपुढे पसरला.

तिनं चष्मा लावला. "अगं, ही तर माझी सवय."

"म्हणजे?"

"तुटक्या तारा मी बाजूला ठेवायचे. डावीकडून खोचत आले की त्या शेवटी, प्रत्येक तबकडीच्या उजव्या कोपऱ्यात. भोक रिकामं बरं दिसत नाही ना! पण तुटक्या तारेतून कसला येतोय उजेड?"

झालं! दोन वर्षांची मेहनत पाण्यात. "मग कधी बोलली का नाहीस?" मी खेकसले.

"मला कोणी विचारलं?" ती म्हणाली, आणि मग तिचा चेहराच उतरला. "माझ्यामुळे तुझं वाटोळं झालं का गं?"

मला माझीच लाज वाटली. तेवढ्यात ती उठली आणि कपाटातून वह्यांचा गठ्ठाच घेऊन आली. प्रत्येक तबकडीची तारीख, प्रत्येक तुटकी तार. बाई गं!

तीन दिवस ती वाचत होती, मी टाइप करत होते. चुकलं की टपली. तुटक्या तारांमुळे निसटलेल्या दीर्घिकांचा हिशेब धरल्यावर ती विरळ वस्ती गेली, ऊर्जा जिथल्या तिथे, न बदलणारी. माझा मोठा शोध बुडाला, पण सर म्हणाले, "इतकं स्वच्छ मोजमाप आपल्याकडे आजवर झालं नव्हतं." प्रबंध पास झाला.

नवा नकाशा मी मावशीच्या भिंतीवर लावला. ती बराच वेळ तो निरखत राहिली. मग एका मोकळ्या जागेवर तिनं घाबरत बोट ठेवलं. "इथंही मीच का?"

"नाही मावशी. तिथं खरंच काही नाही."

"खरंच?" ती अशी खुलली! "म्हणजे देवाच्याही काही तारा तुटक्या होत्या तर!"