ताटातल्या तांदळातलं नाव

माझ्या चुलत सासऱ्यांनी आफ्रिका पाहिली ती नुसत्या तिकिटावर. जहाजात चढले, पलीकडे उतरले, कुणी हूं की चूं केलं नाही. पहिलं महायुद्ध झालं आणि सरकारला पासपोर्टाचं खूळ लागलं. ते नेमकं माझ्याच नशिबी यावं!

लग्नाला दोन वर्षंच झालेली. हे मोंबासाला एका कारखान्यात फिटर, मी वडगावात माहेरी मागावर. यांचं पत्र आलं: छातीत पाणी झालंय, तू ये, तुला आणायचा अर्ज इथं दिलाय. मी अर्धी साडी मागावर तशीच टाकून उठले.

बेळगावच्या कचेरीत माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, फॉर्म भरला, फोटो लावला. कारकुनानं अंगठ्यासाठी शाईची डबी पुढं केली. माझं डोकंच फिरलं. दुसरी यत्ता शिकलेली मी, अंगठा कशाला उठवू? ऐटीत सही केली. सही म्हणजे शाळेत गिरवलेलं माहेरचं नाव. लग्नात यांनी ठेवलेलं नाव मला लिहिता कुठं येत होतं? अण्णानंही फॉर्मात माहेरचंच घातलेलं, त्याच्या तोंडी तेच बसलेलं.

दोन महिन्यांनी कागद परत आले. तिकडच्या अर्जातली बायको वेगळीच आहे, असं कारकून म्हणाला.

"दोन्ही मीच की हो."

"पुरावा आणा."

पुरावा! यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. त्या तांदळाचा भात होऊन पोटात गेला, तो कुठून आणू? कचेरीच्या पायरीवर बसून मी कारकुनाला शिव्या घातल्या, स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं. यांची पत्रं येत होती, दर पत्रात अक्षर आणखी वाकडं. मग भटजींचा जबाब, पंचांच्या सह्या, नवा अर्ज. तोवर मी रोज पाटीवर नवं नाव गिरवत होते. आता चुकून चालणार नव्हतं.

पासपोर्ट आल्याचा निरोप मिळाला तेव्हा हे गेल्याचं पत्र येऊन महिना झाला होता.

"आता काय करायचं गं त्येचं?" अण्णा म्हणाला.

"माझा हाय. मी आणणार."

कारकुनानं फोटोतलं कुंकू पाहिलं, माझं कपाळ पाहिलं आणि रजिस्टर पुढं सरकवलं. मी नवं नाव स्वच्छ लिहिलं. त्या नावानं मला एकच माणूस पत्र लिहायचा.