सुखदेवचा हयातीचा दाखला

आमच्या पंचायतीत एक पैसाही न खाल्लेला सरपंच म्हंजे मी एकटाच. आता खाचं कसं हेच मले समजलं नाई, तं खाईन कसा? पाच वर्षं तं सही गिरवन्यातच गेले.

हसा तुम्ही. मी सोताच सांगून हसवतो लोकाइले. पन भाऊ, एक गोष्ट हाये — ते मी आजवर कोनाले नाई सांगतली. बायकोले नाई. गिरडच्या टेकडीवरल्या दर्ग्यात हात जोडले, तवा बाबाले बी नाई.

सुखदेव अन् मी हिंगनघाटच्या एका कापसाच्या जिनिंगात संगच लागलो. एकाच गठानीचे दोन कोपरे धरत होतो. मंग मी निवडनुकीले उभा राह्यलो. मले वाटलं — आमदाराले पेन्शन भेटते ना? मंग सरपंचालेही भेटन, थोडी कमी. कोनाले इचारलं? कोनालेच नाई. जिनिंग सोडली. फंडाचा पैसा काढला, अन् सारा गुलालात अन् बँडात उडवला. नोकरीचं नववं वर्ष चालू होतं. पेन्शनले दहा पुरे लागते म्हने. हे मले कवा समजलं? दाढी पांढरी झाल्यावर. सरपंचाले काई नाई, अन् कामगार म्हनून बी काई नाई — दोन्हीकडून कोरा.

सुखदेव जिनिंगातच राह्यला. त्याले भेटते. किती — हजाराच्या थोडंसं वर. दोघा जीवाचा किराना बी होत नाई त्यात. पन भेटते ना! आमदाराइच्या पेन्शनीचा मले कधी राग नाई आला. ते दूर हायेत. सुखदेव तं माह्याच ओट्यावर येऊन बसते — मोबाइलवर पेन्शनीचा मेसेज वाजला का हासते, अन् माह्या पोटात आग पडते.

सांगतो. थांबा जरा.

पेन्शनवाल्याले दरसाल नोव्हेंबरात दाखवा लागते का आपन जित्ते हावो. मशीनवर अंगठा ठेवाचा. सुखदेवचे बोटं सरकी अन् गठानीनं असे घासले, का मशीन म्हने हा मानूसच नाई. मंग त्यानं सरकारी डाक्टरची सही असलेला कागद केला. पाय मोडला होता त्याचा, पलस्तरात. मी हिंगनघाटले चाललो होतो. त्यानं कागद माह्या हातात देल्ला — बँकेत देऊन येजो म्हने.

गेलतो मी बँकेत. लाइनीत उभा बी राह्यलो. समोर दोनच मानसं होते. अन् मनात आलं — एक-दोन महिने याले बी समजू दे ना, काईच न भेटनं कसं असते. मी लाइनीतून निंगलो. घरी आलो, अन् तो कागद आंघोयीच्या पान्याच्या चुलीत घातला. पानी लवकर तापलं, असं बी नाई.

सुखदेवले सांगतलं — देल्लं बावा.

पेन्शन बंद पडली. कागदावर सुखदेव मेला. पानठेल्यावर मीच इचारलं, काऊन बे, तेरवी कवा हाये? सारे हासले. सुखदेव बी हासला. सरकारालेच शिव्या देत राह्यला तो. त्याची बायको, शकुनवयनी — गुडघे सुजलेले — दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचाले जाऊन राह्यल्या होत्या. मी सकायी ओट्यावरून पाहो. बोललो का? नाई. अन् खरं सांगू? पयल्या महिन्यात मले बरं वाटलं. झोप चांगली लागली.

पलस्तर निंगालं, तसा सुखदेव काठी टेकत सोता बँकेत गेला. बँकवाले म्हने कागद आलाच नाई; सुखदेवले वाटलं, त्याइनंच हरवला. चार महिन्यानं पेन्शन सुरू झाली. पैसे काढून येताना जामच्या चौकातून भजे आनले — माह्यासाठी. तू धावला होता म्हने माह्या कागदासाठी. मी खाल्ले ते. सारे खाल्ले. थू करून टाकता नाई आले मले?

औंदा पुन्हा नोव्हेंबर लागला. मी सोताहून त्याच्या घरी गेलो. म्हनलं, द्या कागद, मी चाललो हिंगनघाटले. सुखदेव कागद काढालेच लागला होता. शकुनवयनीनं तो त्याच्या हातातून घेतला, अन् माह्याकडे पाहून म्हनल्या,

“राहू द्या भाऊजी. ऑटोवाल्याजोळ देतो मी. त्याले आमचे हजार रुपये खुपत नाई.”