चांदेकर सरांच्या बिनपेपरच्या परीक्षा

जुने वर्गमित्र भेटले की परीक्षेचे किस्से निघतातच. आमचे मात्र सांगून झाले की कुणी हसत नाही, चहा तेवढा गार होतो.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. नगरला कॉलेज नवीन होतं आणि चांदेकर सरांच्या इतिहासाच्या वर्गात आम्ही जेमतेम पाच जण. युनिव्हर्सिटीचा पेपर लेखीच असायचा. पण कॉलेजच्या चाचणीत सर आम्हाला लिहू देत नसत. म्हणायचे, "पाठांतर नको. तुम्हाला दिसतं काय, ते कळू दे."

* * *

पहिल्या चाचणीला सर आम्हाला भर दुपारी एका रिकाम्या लष्करी बराकीत घेऊन गेले. श्रीगोंद्याच्या मेहबूबला आत पाठवलं. इथं कोण राहत होतं, ते त्यानं ओळखायचं.

बाहेर येऊन तो म्हणाला, "शिपाई राहत असणार. भिंतीला खुंट्या आहेत, फरशीवर खाटांचे वण आहेत. आणि कोपऱ्यातले गृहस्थ म्हणाले, पाणी लांबून आणावं लागायचं."

सरांनी आत डोकावलं. आत कुणी नव्हतं. दार एकच, आणि त्यात आम्ही उभे.

"पुरावे चांगले आहेत," सर म्हणाले. "साक्षीदार मात्र धरता येणार नाही."

* * *

मग सरांनी आम्हालाच परीक्षक केलं. एकेकाला खोलीत बोलावून विचारलं, "वर्गात सगळ्यात हुशार कोण?"

मी म्हणालो, "खिडकीशी बसतो तो." नाव काही आठवेना, त्याची लाज वाटली.

नंतर कळलं, पाचही जणांनी हेच उत्तर दिलं होतं. नाव कुणालाच सांगता आलं नव्हतं.

"एकमत झालं, छान," सर म्हणाले. "पण हजेरीला तुम्ही पाचच आहात. आणि खिडकीशी तुमच्यापैकी कुणीच बसत नाही."

* * *

पुणतांब्याच्या दगडूचं मात्र मी घरी अजून सांगितलेलं नाही. तो नापास झाला तर वडील त्याला शेतावर परत नेणार होते. सरांनी त्याला विचारलं, "डोळे मीट आणि तुझ्या गावचा घाट सांग."

दगडूनं पायऱ्या सांगितल्या, पाणी सांगितलं. "खालच्या पायरीवर तात्या बसत्यात. एक डोळा गेल्याला. येईल त्याला इचारत्यात, कुनाचा रं तू?"

सरांनी त्याला पास केलं.

सुट्टीत सर स्वतः पुणतांब्याला जाऊन आले. आल्यावर वर्गात म्हणाले, "दगडू, वर्णन चोख होतं. तात्या भेटले. तुझं नाव काढलं तर म्हणाले, त्याला इचारा, पवायला शिकला का न्हाई?"

दगडू बाकाची कड धरून उभा राहिला.

"सर, मी लहानपनीचा घाट सांगितला हुता. मी बुडत हुतो, तवा तात्यांनी उडी मारली. मी निघालो. तात्या न्हाई निघाले."

सर खुर्चीत बसले.

"त्यांचं धोतर ओलं होतं," एवढंच म्हणाले.