शेठच्या पेटीतली ओल

भाऊरावांनी आयुष्यभर ओलीशी वैर केलं. खामगावच्या एका जिनिंगमध्ये ते कामाला होते आणि काम एवढंच, की कापसाची गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा आणि बाहेर काढून सांगायचं, सुका की ओला. ओल्या कापसाची गंजी आतून तापते, पिवळी पडते, सरकी कुजते. म्हणून ओला म्हटलं की गाडी परत. लोक हात जोडत, शिव्या घालत, लांबची नाती काढून पाहत. एकदा खुद्द साडूची गाडी त्यांनी परत पाठवली, तेव्हापासून साडू त्यांच्याकडच्या कुठल्याच कार्याला आला नाही. भाऊरावांना त्याचं वाईट वाटलं, पण कापूस ओला होता.

निवृत्तीनंतर हे वैर घरी आलं. बायकोनं, चांगुणाबाईंनी, दोरीवर पंचा दुमडून टाकला तरी ते उठून तो सरळ करत. डाळी, गाद्या, जुने जोडे, सगळ्यांना त्यांच्या गच्चीवर पाळीपाळीनं ऊन मिळे. अशा घरात मार्च महिन्यात त्यांची एकुलती एक मुलगी मंजुश्री कासव घेऊन आली.

कासवाबरोबर दोन बॅगा होत्या आणि काचेची एक मोठी पेटी होती. नवरा पुण्यातच राहिला. कासव परदेशी जातीचं होतं, पायांवर लाल ठिपके, आणि त्याच्या नोंदणीचे सरकारी कागद प्लास्टिकच्या फायलीत नीट लावलेले होते. आपल्याकडची कासवं घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे, हे परदेशी आहे म्हणून चालतं, असं मंजुश्रीनं आल्याआल्या आईबापांना समजावून सांगितलं. नवऱ्याबद्दल काही सांगितलं नाही. भाऊरावांनी फाइल उलटूनपालटून पाहिली. कासवाचे कागद लग्नाच्या कागदांपेक्षा चांगले होते.

कासवाचं नाव शेठ. जिनिंगच्या मालकासारखं सावकाश, मान पुढं काढून चालतं, म्हणून मंजुश्रीनंच ते ठेवलेलं. यामुळे भाऊरावांची पंचाईत झाली. जन्मात त्यांनी कुठल्या शेठला अरेतुरे केलं नव्हतं. ते सकाळी पेटीपाशी जाऊन चांगुणाबाईंना विचारत, "शेठ जेवले का?"

मुलीला काही विचारायचं नाही, असं नवराबायकोनं न बोलताच ठरवून टाकलं. मंजुश्रीला गावातल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम लागलं. ती सकाळी जाई, संध्याकाळी येई आणि घरात असे तेवढा वेळ माफी मागे. उशीर झाला, सॉरी. भाजीत मीठ जास्त पडलं, सॉरी. कूलरचं पाणी संपलं तरी सॉरी, जणू तीच ते पिऊन टाकत होती. भाऊरावांना ते ऐकवत नसे. ते उठून गच्चीवर जात आणि गाद्या पलटत.

पेटीत नारळाच्या काथ्याचा भुसा पसरलेला होता. कामाला जायच्या आधी मंजुश्री त्यावर तांब्याभर पाणी ओती. पहिल्याच दिवशी ती गेल्यावर भाऊरावांनी सवयीनं भुशात हात घातला. ओला! साधा ओला नाही, गच्च ओला. त्यांना भडभडून आलं. पोरीचं चित्त थाऱ्यावर नाही, पाणी कुठं सांडतं याचं भान नाही, आणि बिचारा शेठ कुजत पडलाय. तिला सांगावं, तर ती पुन्हा सॉरी म्हणणार. तेव्हा त्यांनी शेठला घमेल्यात ठेवलं, सगळा भुसा गच्चीवर बारदानावर पसरला आणि खामगावच्या उन्हात खडखडीत वाळवून, ती यायच्या आत पेटीत जसाच्या तसा भरून ठेवला. वरचं झाकणही उघडं टाकलं, हवा लागावी म्हणून. आणि हे रोज सुरू झालं. ती सकाळी भिजवी, ते दुपारी वाळवीत. दोघंही जीव लावून करत होती.

काचेला आतून एक लहानसं गोल यंत्र चिकटवलेलं होतं. हवेत ओल किती ते त्यावर कळे. भाऊरावांनी ते बंद पडलेलं घड्याळ समजून सोडून दिलं होतं. मंजुश्री मात्र घरी आली की आधी त्याचा काटा पाही. काटा रोज तळाशी. इकडची हवाच भाजून काढणारी, असं म्हणत ती आणखी पाणी ओती.

मे लागला आणि शेठनं खाणं सोडलं. पपई पुढं ठेवली तरी मान बाहेर काढीना. डोळे सुजून बंद झाले, नाकातून पाणी येऊ लागलं. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की मी म्हशी पाहतो. शेवटी मंजुश्रीनं कासवं पाहणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला. शेठला धरून भाऊराव समोर बसले.

"पेटी फार कोरडी आहे," बाई म्हणाल्या. "हे दमट जंगलातलं जनावर आहे. याला सत्तर-ऐंशी टक्के ओल लागते. तुमच्याकडे एवढं कोरडं झालंच कसं?"

"मी रोज पाणी टाकते, मॅडम," मंजुश्री म्हणाली. "माझंच काहीतरी चुकत असेल."

बोलायला हीच वेळ होती. भाऊरावांनी शेठचं नाक पुसलं.

बाईंनी औषध सांगितलं आणि पेटी कशी लावायची तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी भाऊराव कामाला लागले. भुसा आणि माती कालवून वीतभर थर केला. पाणी वरून शिंपडायचं नाही, चारी कोपऱ्यांत ओतायचं, म्हणजे तळ भिजतो आणि वरचं अंग नुसतं दमट राहतं, नाहीतर शेठच्या पोटाला चिखल लागून फोड येतात. फुटक्या माठाचं अर्धं खापर पालथं घालून, आत ओलं शेवाळ कोंबून त्याची खोली केली. झाकण लावलं, हवेपुरती फट ठेवली. ऊब देणारा दिवा एका कोपऱ्यावर आला. कूलरचं तोंड दुसरीकडं फिरवलं, कारण ओल हवी ती उबदार, गारठा नको. रोज कोमट पाण्यात शेठची पावलं बुडतील एवढी अंघोळ. थर लावून झाला की भाऊराव आत हात घालून पाहत. हात कळवळून सांगे, परत पाठवा. ते दात आवळून आणखी एक तांब्या ओतत.

चांगुणाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "आता काऊन भिजवून राह्यले? परवापरेंत तं गच्चीवर वाळवत होते."

"हळू बोल."

"तिले सांगून टाका. तिले वाटते तिच्यानंच झालं."

"सांगतो ना. शेठले बरं तर वाटू दे."

शेठला बरं वाटलं. आधी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि एका सकाळी त्यानं जास्वंदीचं अख्खं फूल खाल्लं. मंजुश्री पेटीपुढं बसून राहिली, कामाला उशीर झाला तरी उठेना. भाऊरावांनी मात्र काही सांगितलं नाही. आज सांगू, रविवारी सांगू. खरं म्हणजे आता सांगायची गरजच उरली नव्हती. शेठ काही बोलणार नव्हता आणि चांगुणाबाई पोटात ठेवणाऱ्या होत्या.

रविवारी शेजारच्या महामायाबाई कासव पाहायला आल्या. काचेवरचे थेंब, आतलं शेवाळ बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. "बाप्पा! याची खोली तं आपल्याहून बरी हाय. कोनं केलं?"

"बाबांनी," मंजुश्री म्हणाली. "बाबांनी वाचवलं त्याला. मी तर मारलंच होतं." आणि उद्याच्या भाजीबद्दल बोलावं तसं ती पुढं म्हणाली, "पुण्यात मॅडमच्या ओळखीचे एक जण आहेत, त्यांना देऊन टाकते. फोन केलाय. माझ्या हातून काही टिकत नाही, काकू. लग्न नाही टिकलं, हा तरी काय टिकणार."

चांगुणाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. साडूची गाडी परत पाठवताना भाऊरावांचा आवाज कापला नव्हता, तो आता कापला.

"मंजू, तुह्यं काई चुकलं नाई. तू पाणी टाके, अन् मी वाळवत होतो. रोज. तू गेली की गच्चीवर."

"काय वाळवत होता?"

"भुसा. मले वाटलं कुजते तो. तुले सांगितलं असतं तं तुले वाईट वाटलं असतं. म्हणून नाई सांगितलं."

मंजुश्रीचा चेहरा लाल झाला, आणि पुण्यात कमावलेली सगळी मराठी एका झटक्यात गळून पडली.

"कोनं सांगतलं होतं तुमाले? मी मरमर पाणी टाकून राह्यली अन् तुमी वाळवून राह्यले? मेला असता ना तो! रात्र रात्र मी विचार करून राह्यली, माह्यं काय चुकलं, काय चुकलं! अन् डॉक्टरसमोर तुमी गप बसले! एक शब्द नाई निघाला तोंडातून?"

"नाई निघाला," भाऊराव म्हणाले.

"काऊन?"

ती थांबलीच नाही. न विचारता दुसऱ्याच्या गोष्टीला हात लावायचा, वरून प्रेम म्हणायचं, सगळे असेच, पुण्यातला तोही असाच, कोणी म्हणून तोंडानं बोलत नाही! आवाज गल्लीत गेला. समोरच्या घराची खिडकी उघडली. महामायाबाई चपला शोधू लागल्या. चांगुणाबाईंनी त्यांना हातानंच बसवलं.

"आजपासून त्या पेटीले हात लावाचा नाई तुमी! अन् शेठ कुठीच जात नाई! माह्या हातानं काई झालंच नवतं त्याले!"

"हाव," भाऊराव म्हणाले.

"हाव काय हाव!"

भाऊराव मान खाली घालून उभे राहिले. आल्यापासून पोरगी पहिल्यांदाच स्वतःला सोडून दुसऱ्या कुणावर चिडली होती, आणि तिनं इतक्यात थांबू नये असं त्यांना मनापासून वाटत होतं.