हरभऱ्याची आंब आणि दोन दिवसांचा अबोला

सासूबाईंना मी आत्या म्हणते. बुधवारी सकाळी सांगलीला, विश्रामबागच्या एका दवाखान्यात, डॉक्टरांनी त्यांच्या पापण्या वर करून बॅटरी मारली आणि म्हणाले, "ऑरगॅनोफॉस्फरस पॉयझनिंग." मला ते कळलं नाही, तेव्हा त्यांनी मराठीत सांगितलं. पिकावर फवारायचं कीटकनाशक पोटात गेलं होतं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. घाम, लाळ, जुलाब, मंद नाडी, सगळी लक्षणं तीच होती.

बरोबर आलेल्यांना बाहेर पाठवून त्यांनी मला हळूच विचारलं, "घरात काही भांडण झालं होतं का?"

झालं होतं.

आमचं गाव कडेगावजवळ. मालक फौजेत, लांब सरहद्दीवर. घरात आत्या आणि मी, दोघीही तोंडाच्या फटकळ. आत्यांच्या पोटात महिनाभर उजव्या बाजूला कळ येत होती. मी म्हणायची सोनोग्राफी करू, त्या म्हणायच्या आंब प्यायली की थांबेल. त्यांच्या लेखी हरभरा म्हणजे अर्धा दवाखानाच. अंगाला खाज सुटली, लाव डाळीचं पीठ. सर्दी झाली, गरम फुटाण्यांची पुरचुंडी धर नाकाशी. आणि पोटासाठी आंब.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. थंडीत हरभऱ्याच्या पानांवर आंबट ओल धरते. तिन्हीसांजेला पिकावर पातळ धडपं पसरायचं, सकाळी दवाने भिजलेलं उचलून पिळायचं. निघेल ते आंबट पाणी म्हणजे आंब. आमच्याकडे मामंजींचं जुनं धोतर त्यासाठीच ठेवलेलं आहे.

रविवारी जेवताना त्या पुन्हा कळवळल्या आणि माझा ताबा सुटला. मी म्हटलं, "मग बसा तुमचं दुखणं कुरवाळत. मला सांगू नका." त्यांनी ताट सरकवलं. तेव्हापासून अबोला. चहाचा कप ठेवतानासुद्धा भांडंच तेवढं वाजायचं.

बुधवारी सकाळी त्या न्हाणीजवळ घामाने निथळत पडलेल्या सापडल्या. शेजारच्या शालूवहिनींच्या गाडीतून सांगलीला येईपर्यंत मी त्यांची लाळ पुसत होते.

डॉक्टरांना मी भांडणाचं खरं सांगितलं. ते म्हणाले, ही मेडिकोलीगल केस आहे, म्हणजे पोलिसांना कळवावंच लागतं. हवालदारांनीही तोच प्रश्न विचारला. फोनवर मालकांनीही तोच. "तू काय बोललीस तिला?" मी ते वाक्य तिघांनाही जसंच्या तसं सांगितलं. प्रत्येक वेळी ते आदल्या वेळेपेक्षा वाईट ऐकू आलं.

आयसीयूत सकाळी आणि संध्याकाळी दहा-दहा मिनिटं सोडायचे. बाकीचा वेळ बाहेरच्या खुर्चीवर. नळीतून ॲट्रोपिन चालू होतं. हे त्या विषावरचं उताऱ्याचं औषध. त्याने लाळ आटते, नाडी वाढते, पण माणूस भ्रमात जातं. डॉक्टरांनी आणखी एक भीती घातली. दोन-चार दिवसांनी मान आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, मग व्हेंटिलेटर, म्हणजे श्वास देणारं यंत्र लावावं लागतं. म्हणून दर खेपेला उशीवरून मान उचलायला सांगून बघायचे. माझा सगळा जीव त्या मानेत अडकला होता. आत्या जीव द्यायला निघाल्या त्या माझ्यामुळेच, हे मी मनात पक्कं करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत गेले तर आत्यांचे हात पट्टीने खाटेला बांधलेले. नळ्या ओढतात, सिस्टर म्हणाल्या. मी धरते म्हणून हात सोडवून घेतले. मोकळे झाल्याबरोबर आत्यांनी चादर धरली, लांबट घडी केली आणि पिळायला लागल्या. दोन पीळ घालून खालचं टोक वाटीवर धरावं तसं धरलं आणि शेवटचा थेंब झटकला.

"भ्रमात असं करतात," सिस्टर म्हणाल्या.

मी वर्षानुवर्षं त्यांना ते धोतर पिळताना बघितलंय. त्या आंब पिळत होत्या.

बाहेर येऊन शालूवहिनींना फोन केला. मागच्या तारेवर धोतर आहे का बघा, फडताळात आंब भरलेली बाटली आहे का बघा, आणि कशालाही उघड्या हाताने शिवू नका. त्या जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "हायत गं दोनीबी. धोतराला फवारणीचा वास मारतोय."

मंगळवारी दुपारी आत्या भजनाला गेल्या असताना मीच गडी बोलावून घाटेअळीसाठी हरभरा फवारून घेतला होता. गड्याने औषधही सढळ हाताने ओतलं होतं. संध्याकाळी त्यांनी त्याच ओल्या पिकावर धोतर पसरलं. सर्दीने नाक गच्च, वास कुठला यायला. सकाळी अर्धी वाटी प्यायल्या. एरवी मी फवारणीचं आधी सांगते. या खेपेला बोलत नव्हते ना.

म्हणजे माझ्या बोलण्याने नव्हे, माझ्या न बोलण्याने झालं. जीव द्यायला नव्हत्या निघाल्या, हे कळून मला रडू फुटलं, आणि लगेच दुसऱ्या कारणाने फुटलं.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "उपचार तेच राहतील," ते म्हणाले, "पण सांगितलंत ते फार बरं केलंत. गावात अजून कुणी आंब धरली असेल तर आधी थांबवा." बाटली पोलिसांनी तपासायला नेली. मी शालूवहिनींकरवी घरोघर निरोप पाठवला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आत्यांनी मान उचलली. जेमतेम चार बोटं, पण उचलली. सोनोग्राफीही झाली होती. पित्ताशयात खडे निघाले. त्याच्यावर आंब काय करणार होती? ऑपरेशन पुढे करायचं ठरलं.

शुद्ध नीट आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, पिठलं कधी मिळेल. मी म्हटलं, डॉक्टर सांगतील तेव्हा.

त्या डॉक्टरांचे आणि चादर पिळणाऱ्या हातांना रागावल्या नाहीत त्या सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या घरी आंब धरत असतील तर तिची टिंगल करू नका, मी पुष्कळ केली. पण हल्ली पीक फवारल्याशिवाय येत नाही, त्यामुळे आम्ही ती बंद केली. आणि दवाखान्यात पोटात काय गेलं विचारलं, तर घरचं म्हणून काही वगळू नका.

भांडण थांबलेलं नाही. घरी आल्यावर आठव्याच दिवशी पथ्यावरून वाजलं आणि मी तणतणत शेताकडे निघाले. मागून आत्यांचा आवाज आला, अजून दम नसलेला.

"रुसायचं तर लय रुस गं. पर काय फवारलंस, तेवडं सांगून रुस."