दाजींची गुळतुला

सुरतच्या उधन्यात राहून जो आमच्या दाजींच्या पंगतीला जेवला नाही, त्याला भूक म्हणजे काय हे कळलेलंच नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घराणं अमळनेरकडचं, पोट मात्र अस्सल सुरती. सकाळी वाफाळता लोचो, सणाला तुपात घोळलेली घारी, आणि सण नसला तर दाजी तो शोधून काढत. यंत्रमागाच्या कारखान्यात त्यांच्यासाठी लोखंडी स्टूल वेगळं बनवून घ्यावं लागलं होतं. कोणी वजनाचा विषय काढलाच तर "मी कोठे जाडा शे? मनं हाड मोठं शे!" म्हणत ते वाटी पुढे करत. नजर तरुणपणापासून अधू होती, त्याचाही त्यांना अभिमान. "आमना घरमा सगळासनं असंच शे!" समोरचा कोण ते नीट दिसायचं नाही, म्हणून ते भेटेल त्याला जेवायला बोलवायचे.

हा अभिमान त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने उतरवला. चष्मे बदलूनही तिला फळ्यावरची अक्षरं दुहेरीच दिसायला लागली, तेव्हा आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यावरची पारदर्शक काच पातळ होऊन शंकूसारखी पुढे येत होती. डॉक्टरांनी दाजींचेही डोळे तपासले. तोच आजार, कितीतरी पुढे गेलेला. "हा घराण्यातून येऊ शकतो, ते आपल्या हातात नाही," डॉक्टर म्हणाले. "वाढलेल्या वजनाचाही संबंध असू शकतो, ते मात्र आपल्या हातात आहे. डोळे चोळू नका. किरणांनी काच घट्ट करू. नजर आहे तिथे थांबली तरी जिंकलो." भाची अंगानेही बापावरच गेलेली. दाजी बाहेर बाकावर बसले आणि म्हणाले, "वजनबी मीच दिधं, डोयाबी मीच दिधात." एरवी मी त्यांची थट्टा करायची एकही संधी सोडत नाही. त्या दिवशी मी त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली.

घरी येताच त्यांनी खानदेशच्या कानबाई देवीला नवस बोलला: पोरीची नजर थांबू दे, माझ्या भारंभार गूळ वाटीन. पोरगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही घारी खाणार अन् मी काकडी? नाय चालणार!" झालं, दाजींनीही काकडी धरली. बापलेक पहाटे उधन्याच्या रस्त्याने चालू लागले. दाजी वजनाने उतरत चालले तशी भावकी बिथरली. त्यांच्या म्हाताऱ्या आत्याने तर भर चौकात अडवलं, "देवीना गूय कमी करस का रे?" दाजी गरजले, "नवस जाड्या मानूसनी करेल शे. गूय त्यानाच वजनना पडी!"

वर्ष लोटलं. किरणांचा उपचार झालेला होता, पुन्हा तपासणी झाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की भाचीची नजर थांबली आहे. कानबाईच्या सणाच्या दिवशी लाकडाच्या वखारीतला मोठा तराजू आणला. एका पारड्यात दाजींच्या जुन्या वजनाइतक्या गुळाच्या ढेपी रचल्या, दुसऱ्यात दाजी बसले, आणि ज्यांच्याखाली खुर्च्या मोडल्या ते आमचे दाजी सरळ वर गेले! वाजंत्री वाजली, आत्याबाईंनीच पहिला गूळ उधळला.

टाळ्यांच्या गजरात दाजी मात्र डोळे किलकिले करून खाली बघत होते. ढेपी त्यांना नुसत्या पिवळ्या ढगासारख्या दिसत असाव्यात.

"पोरी, गूय खाले टेकना का?"

"टेकला पप्पा. तुम्ही एकदम वर आहात."

"तुले नीट दिखस ना?"

"सगळं दिसतंय, पप्पा. तुम्ही रडताय तेही."