लाईट लावण्यापुरता चेहरा

“तुम्ही जरा उभ्या राहा हो तिथे. मॅडम येईपर्यंत लाईट लावून घेऊ.”

आमचे समन्वयक सर म्हणाले आणि मी उभी राहिले. फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीची फुली होती, तिच्यावर. मागे हिरवा पडदा, समोर कॅमेरा, दोन्ही बाजूंना दिवे. नागपूरचा मे महिना. रेकॉर्डिंगमध्ये आवाज येतो म्हणून कूलर बंद. घाम कानामागून मानेवर उतरत होता आणि हलायचं नव्हतं.

कॅमेरावाला एरवी लग्नांचं शूटिंग करायचा. भिंगातून माझ्याकडे बघत तो म्हणाला, “सर, यायच्यावर लाऊन काय फायदा? मॅडम गोऱ्या आहेत ना. त्यायच्यावर लाईट जास्त होईन.”

“होऊ दे,” सर म्हणाले. “इथे चेहरा दिसला म्हणजे कुठेही दिसेल.”

खोलीत होते ते सगळे हसले. खळखळून नाही. साहेबाचं वाक्य संपलं की हसायचं असतं, तेवढंच.

मी फुलीवरच होते.

विद्यापीठातल्या आमच्या विभागाच्या जुन्या भांडारखोलीत ही रेकॉर्डिंगची लॅब उभी राहत होती. ऑनलाईन पाठ तयार करायचे, दूर खेड्यातल्या पोरीलाही ते मोबाईलवर बघता यावेत, असं ठरलं होतं. मी तासिका तत्त्वावरची प्राध्यापिका. शिकवायला तास मिळाले तर मी आहे. उन्हाळ्यात तास नसतात, तेव्हा मी कोणीच नसते. जूनमध्ये पुन्हा घेतील की नाही, ते सरांच्या मर्जीवर.

त्या उन्हाळ्यात लॅब मीच मांडली. भिंतींना फोम चिकटवला. इतवारीच्या बाजारात हिंडून पडद्याचं कापड आणलं, घरी नेऊन इस्त्री केलं, कारण एक सुरकुती राहिली तरी तिची सावली चित्रात येते. रस्त्याकडच्या खिडकीला जुनी गादी ठोकली. लॅबचा लॅपटॉप आला नव्हता, तर माझाच जोडला. कायम नोकरीवाले दुपारी एकत्र जेवायला बसायचे. मला कोणी नको म्हटलं नव्हतं, या असंही म्हटलं नव्हतं. मी फोमच्या खोलीत डबा खायचे. तिथे बाहेरचं काही ऐकू येत नाही, स्वतःच्या चावण्याचा आवाज मात्र केवढा तरी येतो. फार एकटं वाटायचं. डबा अर्धा टाकून मी पुन्हा कामाला लागायचे.

आणि पहिला पाठ माझा होता. नागपुरातल्या गिरणी कामगार बायांवर. माझी आई गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. बॉबिनवरचं सूत शंकूसारख्या कोनावर भरायचं, तुटलं की गाठ मारायची. गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. पाठाची सुरुवात मी तिच्यापासूनच केली. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी तिला विचारत विचारत लिहिला.

“मी काय शिकवाची गोष्ट आहो का वं?” ती म्हणायची. पण दुसऱ्या दिवशी काहीतरी आठवून स्वतःच सांगायला यायची.

तो पाठ मीच बोलणार, असं मी धरून चालले होते. कोणी तसं म्हटलं नव्हतं. माझा पाठ, मी बोलणार, यात म्हणायचं काय?

शूटिंगच्या आधी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. “विषय तुमच्या लोकांचा आहे, ठीक. लिहिलंयही बरं. पण चेहरा विद्यापीठाचा हवा.”

तुमच्या लोकांचा. आजोबांनी दीक्षा घेतली, आईने गिरणीत राबून मला शिकवलं, मी पीएच.डी. झाले. तरी अजून तुमचे लोक. आणि विद्यापीठाचा चेहरा म्हणजे आमच्याच विभागातल्या मॅडम. कायम नोकरी, मनीषनगरला फ्लॅट, रंग उजळ, आवाज गोड. त्या माझ्याशी वाईट वागल्या असं मी म्हणणार नाही. वाईट वागायला आधी समोरचं माणूस दिसावं लागतं. मी मान हलवून बाहेर आले. जून डोळ्यांपुढे होता.

तर त्या दिवशी मॅडम आल्या आणि मी फुलीवरून उतरले. मला प्रॉम्प्टर चालवायला बसवलं. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे एक काच असते, तिच्यावर अक्षरं खालून वर सरकतात. बघणाऱ्याला वाटतं, बाई मनातलं बोलतेय. सरकवणाऱ्याने वाचणाऱ्याच्या श्वासाबरोबर चालायचं असतं. मॅडम थांबल्या की मी थांबायचं. माझीच वाक्यं मी त्यांना घास घास भरवायची.

मॅडमनी पाठ आधी वाचलाच नव्हता. काचेवर येणारच आहे, मग कशाला वाचायचा?

“नमस्कार,” त्यांनी सुरुवात केली. “माझी आई नागपूरच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. सूत धरून धरून तिच्या बोटांना...”

थांबल्या. भुवया वर गेल्या. “अय्या! माझी आई?” रुमाल तोंडाला लावून हसायलाच लागल्या. “सर, आईनं ऐकलं तर घरात घेणार नाही मला. माझी आई कशाला जाईल हो गिरणीत?”

सर हसले. कॅमेरावाला हसला.

“तिथे ‘एक महिला कामगार’ करा,” सर मला म्हणाले. “आणि ते बोटांचं काढून टाका. रडगाणं नको.”

मी ‘माझी आई’ हे शब्द निवडले. ते निळे झाले. खोडायच्या बटणावर बोट गेलं. सगळे माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यात राग नव्हता, द्वेष नव्हता. लाईट गेली की माणसं बंद पंख्याकडे बघतात, तसं बघत होते.

तेव्हा मला आईचे कष्ट आठवले वगैरे म्हणणं सोपं आहे. काही आठवलं नाही. डोकं तापलं. लाज वाटली. आणि जन्मात पहिल्यांदा वाटलं, ही लाज माझी नाही. ती या खोलीतल्या दुसऱ्या कोणाची तरी आहे आणि इतकी वर्षं मीच वाहतेय.

“नाही,” मी म्हणाले.

“काय नाही?”

“खोडणार नाही. ती माझी आई आहे. बोलायचं तर मी बोलेन.”

“अगं, गंमत केली मी,” मॅडम म्हणाल्या.

सर म्हणाले, “जूनमध्ये तास हवेत ना? मग बसा.”

मी बसले नाही. लॅपटॉपची वायर ओढली. काचेवरची अक्षरं गेली. दिवे जळत होते, मॅडम फुलीवर उभ्या होत्या आणि त्यांच्याकडे बोलायला काही नव्हतं. लॅपटॉप पिशवीत टाकून मी बाहेर पडले. शूर बिर काही वाटलं नाही.

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. तीही माझ्यासारखीच तासिकेवर. “काहून भांडली वं? आता आमच्या सगळ्यायवर राग काढतीन ते. अन् माझं नाव नको घेजो कुठं.”

मी कोणाचंच नाव घेतलं नव्हतं. त्यानंतर तिचा फोन आला नाही. कोणाचाच आला नाही. विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला काढलं. जूनमध्ये वेळापत्रक लागलं, त्यात मी नव्हते. विभागात जायच्या वेळेला तयार होऊन मी घरात नुसती बसायचे.

आईला सगळं सांगितलं. वाटलं, जवळ घेईल. तिने उष्टी भांडी गोळा केली. मग म्हणाली, “मंग आता तू कोनाले शिकवशीन?” आणि भांडी घासायला उठली.

परवा सरांचा फोन आला. लॅबचं उद्घाटन जवळ आलंय, पाहुणे यायचेत, आणि दाखवायला धड पाठ एकही नाही. आवाज एकदम मऊ. “तो पाठ पाठवून द्या. शेवटी लेखनसाहाय्य म्हणून तुमचं नाव टाकू. तासांचंही बघून घेऊ आपण.”

खोटं कशाला बोलू, मोह झाला. तास म्हणजे वर्ग. पहिल्या बाकावरच्या पोरी. “मॅडम, पुन्हा एकदा सांगा ना” म्हणणारा मागचा आवाज. किती दिवसांत मला कोणी काही विचारलेलं नाही. एक ‘हो’ म्हटलं असतं तर सोमवारी मी वर्गात असते.

“मी बोलणार असेन तर पाठ आहे,” मी म्हणाले. “नाहीतर पाठ नाही.”

“एवढा माज बरा नाही.” त्यांनी फोन ठेवला.

माज तर माज. उद्या सकाळी मोबाईल समोर ठेवून तो पाठ मीच बोलणार आहे आणि नेटवर टाकणार आहे. बघायला कोणी नसेल, माहीत आहे. आईसुद्धा बघेल की नाही, सांगता येत नाही. मी एकटी असेन. आणखी बरीच वर्षं असेन. पण माझ्या माणसांचं जे सांगायचं ते मी सांगेन, माझ्या तोंडाने, माझ्या नावाने. ज्याला बघवत नसेल, त्याने बंद करावं.